जिम थॉर्प : व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे आद्य नायक

अमेरिकेत फुटबॉल हा शब्द उच्चारला की आपल्याकडे कोलकात्यात किंवा गोव्यात खेळला जाणारा फुटबॉल कोणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही. तेथील फुटबॉल हा निराळाच खेळ आहे. लंबगोलाकार चेंडू हातात घेऊन धावायचे, तो सहकाऱ्याकडे फेकायचा, प्रतिस्पर्ध्यांनी अंगावर झेप घेऊन पाडण्यापूर्वी शक्य तेवढे अंतर कापायचे आणि अखेर त्यांच्या हद्दीच्या टोकाला पोहोचून गुण मिळवायचे, असे त्याचे स्वरूप. या खेळाची व्यावसायिक संघटना असलेली नॅशनल फुटबॉल लीग आज ३२ संघांची असून जगातील सर्वांत श्रीमंत क्रीडा संघटनांमध्ये तिची गणना होते. या संघटनेची स्थापना मात्र १९२० साली ओहायो राज्यातील कँटन या गावी, मोटारी विकण्याच्या एका दालनात झाली होती. त्या वेळी तिच्या अध्यक्षपदी ज्यांची निवड करण्यात आली, ते उद्योगपती नव्हते, वकील नव्हते आणि राजकारणीही नव्हते. ते एक खेळाडू होते, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी होते आणि त्यांच्याकडून ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके सात वर्षांपूर्वीच काढून घेण्यात आली होती. त्यांचे नाव जेम्स फ्रान्सिस थॉर्प. जग त्यांना जिम थॉर्प या नावाने ओळखते.

विजेने उजळलेली वाट

जिम थॉर्प यांच्या जन्मतारखेविषयी मतभेद आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीनुसार ती २२ मे १८८७ अशी आहे आणि बहुतेक चरित्रकारांनी तीच ग्राह्य धरली आहे. आजच्या ओक्लाहोमा राज्यातील प्राग या गावाजवळ त्यांचा जन्म झाला. त्या वेळी ओक्लाहोमा हे राज्य अस्तित्वात आलेले नव्हते. त्याचा मोठा भाग इंडियन टेरिटरी या नावाने ओळखला जाई. पूर्वेकडील भूमीतून हुसकावून लावलेल्या अनेक जमातींना सरकारने तेथे आणून वसवले होते. साक आणि फॉक्स ही त्यांपैकीच एक जमात. जिमचे वडील हायरम हे आयरिश पिता आणि साक-फॉक्स माता यांचे पुत्र होते, तर आई शार्लट हिच्या घराण्यात पोटावाटोमी जमातीचे आणि फ्रेंच रक्त होते. जमातीच्या भाषेत मुलाचे नाव वा-थो-हक असे ठेवण्यात आले. विजेच्या लखलखाटाने उजळलेली वाट, असा त्याचा अर्थ सांगितला जातो.

जिमला चार्ली नावाचा जुळा भाऊ होता. दोघे मिळून शिकारीला जात, घोड्यांवर बसत, शाळेतही एकत्रच असत. वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास न्यूमोनियाने चार्लीचा मृत्यू झाला आणि जिमचे शाळेतून लक्ष उडाले. तो वारंवार शाळेतून पळून घरी येऊ लागला. अखेर वडिलांनी त्याला दूर कॅन्सस राज्यातील हॅस्केल येथील निवासी शाळेत धाडले. काही वर्षांनी बाळंतपणात आईचाही मृत्यू झाला. वडिलांशी खटके उडाल्यामुळे किशोरवयातील जिम घर सोडून घोड्यांच्या कुरणांवर काम करू लागला. १९०४ साली तो परतला आणि पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल या शाळेत दाखल झाला. त्याच वर्षी वडीलही वारले आणि जिम पोरका झाला.

कार्लाइलची शाळा

थॉर्प यांचे जीवन समजून घ्यायचे तर कार्लाइलची शाळा समजून घेणे आवश्यक आहे. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये जुन्या लष्करी बराकींमध्ये ती सुरू केली. मूळ अमेरिकन मुलांना त्यांच्या कुटुंबापासून, भाषेपासून आणि चालीरीतींपासून तोडून गोऱ्या समाजाच्या साच्यात घडवणे, हे तिचे उघड उद्दिष्ट होते. मुले दाखल होताच त्यांचे लांब केस कापले जात, अंगावर गणवेश चढवला जाई, इंग्रजी नाव दिले जाई आणि मातृभाषा बोलण्यास बंदी असे. १९१८ मध्ये ही शाळा बंद झाली, तोपर्यंत सात हजार आठशेहून अधिक मुले तेथे दाखल झाली होती. कित्येक मुले तेथेच आजारी पडून दगावली आणि त्यांच्या थडग्यांचे दफनस्थान आजही त्या परिसरात आहे. सुटीच्या काळात विद्यार्थ्यांना गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी अल्प मजुरीवर कामाला पाठवण्याची पद्धत होती. थॉर्प यांनीही अशी कामे केली.

याच शाळेत त्यांच्या अंगच्या गुणांची ओळख पटली. १९०७ च्या सुमारास मैदानावरून जात असताना काही मुले उंच उडीचा सराव करताना त्यांना दिसली. कामाच्या साध्या कपड्यांतच त्यांनी ५ फूट ९ इंचांवरील आडवी काठी सहज ओलांडली, अशी कथा सांगितली जाते. शाळेचे प्रशिक्षक ग्लेन वॉर्नर, ज्यांना सारे पॉप वॉर्नर म्हणत, यांनी त्यांना तत्काळ आपल्या पथकात घेतले. फुटबॉलसारख्या धसमुसळ्या खेळात असा धावपटू जायबंदी होईल, अशी वॉर्नर यांना भीती वाटत होती. मात्र थॉर्प यांनी हट्टच धरला. सरावाच्या वेळी चेंडू हातात येताच ते बचाव करणाऱ्या सर्वांना चकवून पलीकडे निघून गेले आणि वॉर्नर यांचा विरोध मावळला.

हार्वर्ड आणि लष्कराचा पाडाव

त्या काळी अमेरिकन फुटबॉल हा प्रामुख्याने विद्यापीठांचा खेळ होता. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही त्यातील मातब्बर नावे. कार्लाइलचा संघ आकाराने लहान आणि वजनाने हलका असूनही चपळाईच्या बळावर या संघांना झुंजवत असे. ११ नोव्हेंबर १९११ रोजी कार्लाइलचा सामना हार्वर्डशी झाला. हार्वर्डने आपले प्रमुख खेळाडू आरंभी राखून ठेवले होते. थॉर्प यांचा पाय दुखावलेला होता आणि ते पट्ट्या बांधून मैदानात उतरले होते. तरीही त्यांनी चार वेळा चेंडू गोलखांबांमधून लाथाडून प्रत्येकी तीन गुण मिळवले. कार्लाइलने हा सामना १८ विरुद्ध १५ असा जिंकला आणि दुसऱ्या दिवशी थॉर्प हे नाव देशभर पोहोचले.

पुढील वर्षी, १९१२ च्या नोव्हेंबर महिन्यात, कार्लाइलचा संघ वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीच्या संघाविरुद्ध खेळला. या सामन्याला केवळ क्रीडेचे महत्त्व नव्हते. वूंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने सू जमातीच्या शेकडो स्त्री-पुरुषांना ठार केले, त्या घटनेला तेव्हा अवघी २२ वर्षे झाली होती. एका बाजूला भावी सेनाधिकारी आणि दुसऱ्या बाजूला त्याच सैन्याने जिंकलेल्या जमातींची मुले, असा तो सामना होता. कार्लाइलने तो २७ विरुद्ध ६ असा जिंकला. लष्कराच्या संघात त्या दिवशी ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण छात्र होता. पुढे तोच अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. थॉर्प यांच्या खेळाची आठवण त्याने आयुष्यभर जपली. १९११ आणि १९१२ अशी दोन्ही वर्षे थॉर्प यांची अखिल अमेरिकन संघात निवड झाली.

स्टॉकहोमचे यश

या दोन हंगामांच्या मध्ये स्टॉकहोमची ऑलिंपिक स्पर्धा येते. १९१२ च्या उन्हाळ्यात थॉर्प अमेरिकेच्या संघासह स्वीडनला गेले. तेथे त्यांनी पेंटॅथलॉन आणि डिकॅथलॉन या दोन्ही संयुक्त स्पर्धांत भाग घेतला. पेंटॅथलॉनमध्ये लांब उडी, भालाफेक, २०० मीटर धावणे, थाळीफेक आणि १५०० मीटर धावणे असे पाच प्रकार होते. त्यांपैकी चार प्रकारांत थॉर्प पहिले आले. डिकॅथलॉनमधील दहा प्रकार तीन दिवस चालले. तेथेही दुसऱ्या क्रमांकाच्या स्वीडनच्या ह्यूगो वीसलँडर यांना त्यांनी जवळजवळ ७०० गुणांनी मागे टाकले. याखेरीज उंच उडीत त्यांना चौथे आणि लांब उडीत सातवे स्थान मिळाले. स्पर्धेदरम्यान त्यांचे बूट नाहीसे झाले आणि त्यांनी निरनिराळ्या मापाचे दोन बूट पायात चढवून भाग घेतला, असे सांगतात. दोन वेगवेगळे बूट आणि दोन वेगवेगळे मोजे घातलेले त्यांचे त्या वेळचे छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे.

स्वीडनचे राजे गुस्ताव पाचवे यांच्या हस्ते त्यांना पदके मिळाली. राजांनी आणि रशियाचे झार निकोलस यांनी ठेवलेली विशेष पारितोषिकेही त्यांना देण्यात आली. मायदेशी परतल्यावर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे मार्गावरून त्यांची मिरवणूक निघाली. ज्या देशाने त्यांच्या जमातीच्या सर्व लोकांना अद्याप नागरिकत्वही दिलेले नव्हते, तो देश त्यांच्यावर कागदी फुलांची उधळण करीत होता. सर्व मूळ अमेरिकनांना नागरिकत्व देणारा कायदा होण्यास १९२४ साल उजाडावे लागले.

हौशी की व्यावसायिक ?

हा आनंद सहा महिनेही टिकला नाही. जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथील एका वृत्तपत्राने बातमी दिली की, थॉर्प यांनी १९०९ आणि १९१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॉकी माउंट आणि फेएटविल येथील संघांकडून पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता.

बातमी खरी होती. मानधन मात्र तुटपुंजे होते आणि त्याने फार तर एका उन्हाळ्याचा खर्च भागला असता. त्या काळी महाविद्यालयांतील कित्येक खेळाडू सुटीत अशा संघांतून खेळत. फरक इतकाच की ते खोट्या नावाने खेळत आणि थॉर्प आपल्या खऱ्या नावाने खेळले.

हौशी आणि व्यावसायिक हा भेद आजच्या वाचकाला अनाकलनीय वाटू शकेल. क्रिकेटच्या इतिहासात इंग्लंडमध्ये सद्गृहस्थ आणि व्यावसायिक खेळाडू अशी जी विभागणी १९६२ पर्यंत चालू होती, तिच्याशी याचे नाते आहे. ज्यांना पोटाची चिंता नाही तेच खेळाचे खरे उपासक, आणि खेळातून चार पैसे मिळवणारा तो हलक्या दर्जाचा, अशी ही धारणा होती. ऑलिंपिक चळवळीचा पायाच तेव्हा या तत्त्वावर उभा होता. ज्यांच्या घरी सुबत्ता होती त्यांना हा नियम पाळणे सोपे होते. आईवडिलांवाचून वाढलेल्या, सुटीत दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या मुलासाठी तो तितका सोपा नव्हता.

थॉर्प यांनी अमेरिकेच्या हौशी क्रीडा संघटनेचे सचिव जेम्स सलिव्हन यांना पत्र लिहून सारे मान्य केले. आपल्याला नियमांची पुरेशी माहिती नव्हती आणि पैशाच्या लोभाने आपण खेळलो नाही, असे त्यांनी कळवले. त्याचा उपयोग झाला नाही. प्रशिक्षक वॉर्नर आणि शाळेचे प्रमुख मोझेस फ्रीडमन या दोघांनीही आपल्याला यातले काहीच ठाऊक नव्हते, अशी भूमिका घेतली. आपला सर्वांत नावाजलेला खेळाडू दोन उन्हाळे कोठे होता हे त्यांना माहीत नसावे, यावर अनेक अभ्यासकांचा विश्वास बसत नाही. संघटनेने थॉर्प यांचा हौशी दर्जा पूर्वलक्षी प्रभावाने रद्द केला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पदके आणि पारितोषिके परत घेतली. पेंटॅथलॉनचे सुवर्णपदक नॉर्वेचे फर्डिनंड बी यांच्या, तर डिकॅथलॉनचे वीसलँडर यांच्या नावे झाले.

या निर्णयात एक गंभीर दोष होता. स्टॉकहोम स्पर्धेच्या नियमांनुसार एखाद्या खेळाडूच्या पात्रतेवर आक्षेप घ्यायचा असेल तर तो स्पर्धा संपल्यापासून ३० दिवसांच्या आत घेणे बंधनकारक होते. येथे सहा महिने उलटून गेले होते. त्या वेळी थॉर्प यांच्या बाजूने हा मुद्दा कोणीच उपस्थित केला नाही.

बेसबॉलचे मैदान

हौशी दर्जा गेल्यावर व्यावसायिक होण्यास कोणतीही आडकाठी उरली नाही. १९१३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स या नामांकित बेसबॉल संघाने थॉर्प यांना करारबद्ध केले. त्याच वर्षी कार्लाइलमधील सहाध्यायी आयव्हा मिलर हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि नवदांपत्य संघाच्या जगप्रवासात सामील झाले. जपान, ऑस्ट्रेलिया, इजिप्त असे करीत हा संघ लंडनला पोहोचला, तेथे राजे पाचवे जॉर्ज यांनी त्यांचा सामना पाहिला. ठिकठिकाणी सर्वाधिक गर्दी थॉर्प यांना पाहण्यासाठी होत असे.

बेसबॉलमध्ये मात्र त्यांना फुटबॉलइतके यश मिळाले नाही. जायंट्सचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांच्याशी त्यांचे जमले नाही आणि अनेक सामने ते राखीव बाकावर बसून राहिले. १९१९ पर्यंत ते न्यूयॉर्क, सिनसिनाटी आणि बॉस्टन या संघांकडून २८९ सामने खेळले.

कँटनचे दिवस

थॉर्प यांची खरी कर्तबगारी दिसली ती व्यावसायिक फुटबॉलमध्ये. हा व्यवसाय त्या वेळी बाल्यावस्थेत होता. १८९२ मध्ये पिट्सबर्ग येथील एका क्लबने पज हेफेलफिंगर या खेळाडूस एका सामन्यासाठी ५०० डॉलर दिले. पैसे घेऊन फुटबॉल खेळल्याचे ते पहिले ज्ञात उदाहरण मानले जाते. पुढे हा खेळ ओहायो राज्यातील कारखान्यांच्या गावांमध्ये रुजला. कँटन आणि मॅसिलॉन ही शेजारची दोन गावे, आणि त्यांचे वैर पराकोटीचे. परंतु १९०६ मध्ये या दोन संघांच्या सामन्यावर पैजेच्या गैरप्रकारांचे आरोप झाले आणि व्यावसायिक फुटबॉलची पुरती बदनामी झाली. विद्यापीठांतील प्रतिष्ठित मंडळी या खेळाकडे तुच्छतेने पाहत. खेळाडू आज या संघात तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच संघात असत, काही जण टोपणनावाने खेळत, आणि संघमालकांना नफ्याची शाश्वती नसे.

अशा स्थितीत १९१५ मध्ये कँटन बुलडॉग्ज संघाचे व्यवस्थापक जॅक क्युसॅक यांनी थॉर्प यांना एका सामन्यासाठी २५० डॉलर देऊ केले. त्या काळाच्या मानाने ही रक्कम फार मोठी होती आणि क्युसॅक यांचे दिवाळे निघणार, असे हितचिंतकांना वाटत होते. थॉर्प त्या वेळी इंडियाना विद्यापीठात फुटबॉलचे सहायक प्रशिक्षक होते. त्यांनी प्रस्ताव स्वीकारला. त्यापूर्वी कँटनच्या सामन्यांना सरासरी १२०० प्रेक्षक येत. थॉर्प यांच्या पदार्पणाच्या सामन्यास सुमारे आठ हजार प्रेक्षक जमले.

मॅसिलॉनविरुद्धचा पहिला सामना कँटनने गमावला. परतीच्या सामन्यात मैदानाभोवती इतकी गर्दी झाली की प्रेक्षक गोलरेषेच्या मागेही उभे राहिले. थॉर्प यांनी पायाने मारलेल्या दोन गोलांच्या जोरावर कँटन ६ गुणांनी पुढे होते. अखेरच्या क्षणी मॅसिलॉनचा एक खेळाडू चेंडू घेऊन रेषेपलीकडील गर्दीत घुसला आणि तेथे चेंडू त्याच्या हातून निसटला. गुण द्यायचा की नाही यावर मोठा गदारोळ झाला. अखेर पंचांचा निर्णय कँटनच्या बाजूने लागला.

त्यानंतर १९१६, १९१७ आणि १९१९ या वर्षी कँटनच्या संघाने अजिंक्यपदावर हक्क सांगितला. थॉर्प यांचा खेळ सर्वांगीण होता. त्या काळी अकरा खेळाडूच आक्रमणही करीत आणि बचावही. थॉर्प चेंडू घेऊन धावत, दूरवर फेकत, लांबच लांब लाथाडत आणि बचावात उभे राहून प्रतिस्पर्ध्यास जमिनीवर लोळवत. चामड्याच्या पातळ शिरस्त्राणाखेरीज संरक्षणाचे साधन जवळजवळ नव्हते. त्यांना पाडण्यासाठी झेपावणाऱ्यांना त्यांच्या खांद्याचा आणि गुडघ्याचा तडाखा बराच काळ लक्षात राहत असे.

संघटनेची स्थापना

व्यावसायिक फुटबॉलला शिस्त लावण्याची गरज सर्वांनाच जाणवत होती. खेळाडूंचे मानधन भरमसाट वाढत होते, करार मोडले जात होते, आणि शिक्षण पूर्ण न झालेले विद्यार्थी संघांमध्ये ओढले जात होते. १७ सप्टेंबर १९२० रोजी कँटन संघाचे मालक राल्फ हे यांच्या मोटारविक्रीच्या दालनात निरनिराळ्या संघांचे प्रतिनिधी जमले. खुर्च्या अपुऱ्या असल्याने काही जण मोटारींच्या पायऱ्यांवर टेकले. तेथे अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन या संघटनेवर शिक्कामोर्तब झाले आणि अध्यक्षपदी थॉर्प यांची एकमताने निवड झाली.

ही निवड त्यांच्या प्रशासनकौशल्यामुळे झाली असे म्हणता येणार नाही. वृत्तपत्रांत ठळक मथळा मिळवून देईल असे एकच नाव त्या संपूर्ण व्यवसायात होते. अध्यक्ष असतानाही थॉर्प खेळतच राहिले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या जागी जोसेफ कार यांची निवड झाली आणि कार यांनी संघटनेची घडी नीट बसवली. १९२२ मध्ये तिचे नामांतर नॅशनल फुटबॉल लीग असे करण्यात आले. हौशी क्रीडाविश्वाने बाहेर काढलेल्या खेळाडूच्या नावावर उभी राहिलेली ही संघटना पुढे त्या देशातील सर्वांत मोठा क्रीडाव्यवसाय बनली.

ऊरँग इंडियन्स

१९२२ आणि १९२३ या दोन हंगामांत थॉर्प यांनी एका आगळ्या संघाचे नेतृत्व केले. ओहायोतील ला रू या चिमुकल्या गावी वॉल्टर लिंगो नावाचे गृहस्थ एअरडेल जातीच्या कुत्र्यांची पैदास आणि विक्री करीत. आपल्या व्यवसायाची जाहिरात व्हावी म्हणून त्यांनी एक फुटबॉल संघ काढला आणि त्यात केवळ मूळ अमेरिकन खेळाडू घेतले. संघाला ऊरँग हे त्यांच्या श्वानशाळेचेच नाव देण्यात आले. ज्यो गायन आणि पीट कॅलॅक हे कार्लाइलचे जुने सहकारीही त्यात होते.

ला रू येथे योग्य मैदानही नव्हते, त्यामुळे बहुतेक सामने परगावी होत. मध्यंतरात खेळाडूंना विश्रांती मिळत नसे. पिसांचे मुकुट घालून पारंपरिक नृत्ये करणे, कुत्र्यांच्या करामती दाखवणे अशी कामे त्यांना करावी लागत. आज अमेरिकन फुटबॉलच्या मध्यंतरात जे भव्य रंजनाचे कार्यक्रम होतात, त्यांचा हा आरंभ समजला जातो. प्रेक्षकांना खेळापेक्षा तमाशात अधिक रस होता. संघ पहिल्या वर्षी तीन आणि दुसऱ्या वर्षी केवळ एक सामना जिंकू शकला. नवलाई ओसरली आणि लिंगो यांनी संघ मोडला. जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू गणल्या गेलेल्या माणसाला आपल्याच संस्कृतीचे प्रदर्शन मांडून कुत्र्यांच्या विक्रीस हातभार लावावा लागला, ही त्या काळाची वस्तुस्थिती होती.

त्यानंतर थॉर्प रॉक आयलंड, न्यूयॉर्क आणि पुन्हा कँटन अशा संघांतून खेळत राहिले. १९२८ मध्ये शिकागो कार्डिनल्सकडून अखेरचा सामना खेळून, वयाच्या ४१ व्या वर्षी ते निवृत्त झाले.

उतरणीचा काळ

निवृत्तीनंतर लगेचच अमेरिकेवर महामंदीचे सावट आले. थॉर्प यांच्याकडे बचत फारशी नव्हती. पैसा हाती टिकवणे त्यांना कधी जमले नाही आणि मदत मागणाऱ्यास नकार देणेही. मद्याच्या व्यसनाने त्यांना ग्रासले होते. लाडका थोरला मुलगा लहानपणीच दगावला होता, त्या आघातातून ते पूर्णपणे सावरले नाहीत, असे त्यांचे निकटवर्तीय सांगत. पहिला विवाह मोडला, दुसराही टिकला नाही. दोन्ही विवाहांपासून त्यांना आठ अपत्ये झाली.

कॅलिफोर्नियात त्यांनी मिळेल ते काम केले. खड्डे खणणारा मजूर, रखवालदार, व्याख्याता, चित्रपटांतील किरकोळ नट अशा कितीतरी भूमिका त्यांनी आयुष्याच्या रंगमंचावर वठवल्या. चित्रपटांत मूळ अमेरिकनांच्या भूमिका गोऱ्या नटांना रंग फासून देण्याऐवजी त्याच समाजातील कलावंतांना मिळाव्यात, यासाठी त्यांनी प्रयत्न केले. १९३२ मध्ये ऑलिंपिक स्पर्धा लॉस एंजेलिस येथे भरली, तेव्हा त्यांच्याजवळ तिकिटासाठी पैसे नसल्याची बातमी प्रसिद्ध झाली. उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स कर्टिस हे स्वतः कॉ जमातीचे वंशज होते. त्यांच्यामुळे थॉर्प यांना सन्मानाची जागा मिळाली आणि प्रेक्षकांनी उभे राहून त्यांना मानवंदना दिली.

१९५० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने क्रीडा पत्रकारांची मते मागवली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू आणि सर्वश्रेष्ठ क्रीडापटू या दोन्ही सन्मानांसाठी थॉर्प यांचीच निवड झाली. पुढच्याच वर्षी त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला, त्यात बर्ट लँकेस्टर यांनी त्यांची भूमिका केली. कथेचे हक्क मात्र थॉर्प यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी अल्प मोबदल्यात विकून टाकले होते. त्याच सुमारास ओठाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी त्यांना धर्मादाय मदतीवर अवलंबून राहावे लागले. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियातील लोमिटा येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतरचा प्रवास

मृत्यूनंतरही त्यांची परवड थांबली नाही. ओक्लाहोमात साक आणि फॉक्स जमातीच्या रीतीनुसार अंत्यविधी सुरू असताना त्यांची तिसरी पत्नी पॅट्रिशिया हिने पार्थिव तेथून हलवले. पतीच्या नावाचे भव्य स्मारक व्हावे अशी तिची इच्छा होती आणि ओक्लाहोमा सरकारकडून त्यासाठी निधी मिळाला नव्हता. पेनसिल्व्हेनियातील मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक ही कोळशाच्या व्यापारावर जगलेली गावे तेव्हा उतरणीला लागली होती. स्मारकामुळे पर्यटक येतील या आशेने त्यांनी करार केला. १९५४ मध्ये दोन्ही गावे एकत्र झाली आणि नव्या गावाचे नाव जिम थॉर्प असे ठेवण्यात आले. ज्या गावाशी थॉर्प यांचा जिवंतपणी काहीही संबंध नव्हता, तेथे त्यांची समाधी उभी राहिली. पित्याचे अवशेष जन्मभूमीत परत आणावेत यासाठी त्यांच्या मुलांनी २०१० पासून न्यायालयीन लढा दिला. २०१३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, परंतु वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. अवशेष पेनसिल्व्हेनियातच राहिले.

पदकांचा लढा त्याहून दीर्घ होता. १९५२ ते १९७२ या काळात आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष असलेले एव्हरी ब्रंडेज हे स्वतः १९१२ मध्ये थॉर्प यांच्याविरुद्ध स्पर्धेत उतरले होते आणि मागे पडले होते. पदके परत देण्याची मागणी त्यांनी कधीच मान्य केली नाही. पुढे चरित्रकार रॉबर्ट व्हीलर आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स रिडलॉन यांनी स्टॉकहोम स्पर्धेची मूळ नियमावली शोधून काढली आणि ३० दिवसांच्या मुदतीचा मुद्दा पुढे आणला. ऑक्टोबर १९८२ मध्ये समितीने थॉर्प यांचे नाव पुन्हा विजेत्यांमध्ये समाविष्ट केले आणि जानेवारी १९८३ मध्ये त्यांच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती देण्यात आल्या. मूळ पदके संग्रहालयांतून चोरीस गेली होती, ती आजतागायत सापडलेली नाहीत.

या निर्णयातही एक उणीव राहिली होती. थॉर्प यांना एकमेव विजेते न मानता संयुक्त विजेते ठरवण्यात आले होते. मैदानावर ज्यांना त्यांनी फार मागे टाकले, त्यांच्याच बरोबरीने त्यांना उभे करण्यात आले होते. ही चूक सुधारण्यासाठी पुन्हा मोहीम सुरू झाली. वीसलँडर यांनी ते सुवर्णपदक कधीही आपले मानले नव्हते, असे त्यांच्या कुटुंबीयांनी आणि स्वीडनच्या ऑलिंपिक समितीने स्पष्ट केले. नॉर्वेकडूनही आक्षेप आला नाही. डिकॅथलॉनच्या विजयाला ११० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १५ जुलै २०२२ रोजी, जिम थॉर्प यांना दोन्ही स्पर्धांचे एकमेव विजेते म्हणून घोषित करण्यात आले.

१९६३ मध्ये कँटन येथे व्यावसायिक फुटबॉलचे सन्मान दालन उघडले, तेव्हा प्रथम निवडलेल्या १७ जणांमध्ये थॉर्प यांचे नाव होते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एका डॉलरच्या नाण्यावर त्यांची प्रतिमा वा-थो-हक या मूळ नावासह उमटली. २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कार्लाइलची शाळा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली.

ज्या शाळेने मुलांची नावे पुसली, तिच्याच मैदानावर वाढलेल्या एका विद्यार्थ्याचे मूळ नाव अशा रीतीने देशाच्या नाण्यावर पोहोचले. हौशी खेळाडूंचा तो कठोर नियम ऑलिंपिकने स्वतःच कधीच सोडून दिला आहे. व्यावसायिक खेळाडू आज तेथे सन्मानाने उतरतात. थॉर्प यांचा अपराध काळाच्या ओघात अपराधच उरला नाही. न्याय मिळाला, मात्र तो स्वीकारण्यासाठी ते स्वतः हयात नव्हते.